जास्तीची किल्ली

"आज घरात कोणीतरी येऊन गेलं," वन्सं म्हणाल्या.

टाचणीबाईंच्या एका हातात भाजीची पिशवी होती, काखेत कापडांचं गाठोडं होतं आणि एक चप्पल अजून पायातच होती. "कोण यायचंय वन्सं? दार बंद होतं. आत्ता मीच उघडलं की."

"मग हे स्टूल कोणी हलवलं?"

वन्सं गुडघा चोळत होत्या. टाचणीबाईंनी बघितलं. शिलाई मशीनच्या उजव्या अंगाला, भिंतीला टेकून असणारं स्टूल वाटेत आलं होतं. फार नाही, हातभर. पण त्या घरात हातभर म्हणजे फार झालं.

वन्सं म्हणजे टाचणीबाईंच्या थोरल्या नणंद. त्यांची नजर हळूहळू गेली आणि शेवटी साफ गेली. टाचणीबाईंचे यजमानही वारले, आणि चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत या दोघी उरल्या. एकीला दिसत नाही, दुसरी बोलत नाही, असं इमारतीतले लोक गमतीने म्हणत. कारण टाचणीबाईंच्या ओठांत कायम टाचण्या धरलेल्या. लोकांचे कपडे उसवून, बसवून, शिवून देणं हा त्यांचा जन्माचा उद्योग. नाव त्यावरूनच पडलं होतं आणि खरं नाव दारावरच्या पाटीपुरतं उरलं होतं.

त्या घरात वस्तू जागा सोडत नसत. कप कपाच्या जागी, काडेपेटी शेगडीच्या डावीकडे, कात्री मशीनच्या फळीवर पाती भिंतीकडे करून. पाहुण्यांनी खुर्ची पुढे ओढली तर ते पुरते उठायच्या आत टाचणीबाई ती मागे सरकवत. काही पाहुणे त्यामुळे लवकर उठत, तो वरचा फायदा. या शिस्तीमुळे वन्सं घरात अशा चालत की नवख्याला त्या आंधळ्या आहेत हे कळूही नये. चहा करत, केर काढत, शर्टांना काजं करत. आणि टाचणीबाई बाहेरून आल्या की "मी आले" असं म्हणायची पद्धतच त्या घरात नव्हती. पावलांवरून कळायचं. शब्द कशाला खर्च करायचे?

"मीच सरकवलं असेन सकाळी," टाचणीबाई म्हणाल्या आणि स्टूल जागेवर ठेवलं.

"तू?" वन्सं एवढंच म्हणाल्या.

टाचणीबाई भाजी काढून ठेवू लागल्या. त्यांनी स्टूल हलवलं नव्हतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मग वन्संनीच हलवलं असणार आणि विसरल्या असणार. डोळे गेले ते गेले, आता डोकंही जाणार की काय? रात्रीचं जेवण होईपर्यंत त्या वन्संच्या प्रत्येक हालचालीकडे चोरून बघत राहिल्या. आंधळ्या माणसाकडे चोरून कशाला बघायचं, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

आठवडाभराने वन्संनी पुन्हा तेच सांगितलं. या वेळी काही हललं नव्हतं. "मी आतल्या खोलीत पडले होते. बाहेर पावलं वाजली. मला वाटलं तूच. पण तुझी नव्हती. बूट होते. आणि बाई, कसला तरी टकटक आवाज येत होता. मी हाक मारली तर सगळं थांबलं. मग दार लागलं."

"स्वप्न पडलं असेल."

"मला झोप आणि जाग यातलं कळतं गं."

टाचणीबाईंना खाली ऑफिसात जाणं भाग होतं, कारण घराची दुसरी किल्ली जगात एकाच ठिकाणी होती. इमारतीची देखभाल बघणाऱ्या कंपनीच्या फळ्यावर.

त्या किल्ल्यांची हकिगत अशी. मागे वरच्या मजल्यावर नळ फुटला होता. घरमालक गावाला, दाराला कुलूप, आणि पाणी जिन्यावरून खाली. तेव्हा कंपनीच्या मॅनेजरने सुचवलं की प्रत्येकाने एक जास्तीची किल्ली ऑफिसात ठेवावी, अडीअडचणीला बरी. मॅनेजर तरुण, गोडबोल्या, दिसेल त्याची पिशवी उचलणारा. सगळ्यांना पटलं. सगळ्यात जास्त पटलं टाचणीबाईंना. घरी वन्सं एकट्या असतात, काही झालं तर दार उघडता येईल! त्यांनी हौसेने प्रत्येक किल्लीला कापडाची पट्टी शिवून दिली, वर दोऱ्याने घराचा आकडा. वन्संनी पट्ट्यांच्या कडा टाचल्या. बाकीच्यांच्या पट्ट्या सुती, आपल्या किल्लीला मात्र उरलेल्या मखमलीचा तुकडा. चार किल्ल्यांत आपली उठून दिसावी, एवढीच हौस. कुंपण घातलं ते शेत राखायला. कुंपणालाही भूक लागते, हे तेव्हा कोणाच्या डोक्यात आलं नाही.

ऑफिसात मॅनेजर उठून उभा राहिला. "या काकू. बसा. पाणी?"

टाचणीबाईंनी चाचरत विचारलं. त्यांना विचारतानाच लाज वाटत होती. मॅनेजरने हसून मागच्या फळ्याकडे बोट केलं. मखमलीची पट्टी लावलेली किल्ली आपल्या खिळ्याला शांतपणे लटकत होती.

"इथून कुठे जाणार ती? आमचा सुपरवायझर इथेच बसलेला असतो." कोपऱ्यात एक दांडगा माणूस मोबाईलमध्ये डोकं घालून बसला होता. त्याने मान वर केली नाही. मॅनेजर जरा पुढे वाकला. "काकू, रागावू नका, पण आजींना हल्ली भास होतात का? आमच्या दुसऱ्या एका इमारतीतल्या आजींचं असंच झालं. आधी आवाज यायला लागले, मग एक दिवस गॅस चालू राहिला. शेवटी घरच्यांना त्यांना बाहेर ठेवावं लागलं. एवढ्या लोकांच्या जिवाचा प्रश्न असतो ना."

"नाही हो, तशा त्या अगदी…"

"तुम्ही मागच्या मीटिंगला आगीचा मुद्दा काढला होतात, म्हणून आठवलं."

तो मुद्दा टाचणीबाईंनी काढला होता खरा. कंपनीने मागच्या जिन्यात रंगाचे डबे, शिड्या, मोडकी टेबलं कोंबून दाराला कुलूप घातलं होतं. मीटिंगमध्ये टाचणीबाई आयुष्यात पहिल्यांदा उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आग लागली तर माझ्या वन्संनी कुठून उतरायचं?" मॅनेजर "फार चांगला मुद्दा" म्हणाला. मग मत घेतलं. जे येऊ शकले नव्हते त्यांनी आपापलं मत मॅनेजरच्याच हवाली केलेलं, तोच घरी येऊन कागदावर सही घेऊन जातो म्हणून. त्याने एकट्याने हात वर केला आणि अर्धी इमारत वर झाली. कुलूप राहिलं. बाहेर पडताना पहिल्या मजल्यावरचे मास्तर टाचणीबाईंना म्हणाले, "बोललात ते बरं केलंत." म्हणण्याआधी त्यांनी मागे वळून कोणी ऐकत नाही ना, ते बघून घेतलं होतं.

आता टाचणीबाई ऑफिसच्या खुर्चीतून उठल्या. मॅनेजर अजून हसतच होता. बाहेर ठेवावं लागलं. कुठे ठेवतात? कोण ठेवतं? त्या जिना चढून वर आल्या ते हे दोन प्रश्न घेऊनच.

त्या संध्याकाळी त्यांनी एक गोष्ट केली. शेगडीच्या डावीकडची काडेपेटी उचलून वरच्या फडताळात, डब्यांच्या मागे ठेवली.

सकाळी वन्सं चहाला उठल्या. त्यांचा हात डावीकडे गेला, ओट्यावर फिरला, परत डावीकडे आला. टाचणीबाई दारात उभ्या राहून बघत होत्या.

"काडेपेटी कुठे गेली गं?"

टाचणीबाईंची नजर वरच्या फडताळाकडे गेली.

"तू हलवलीस?" वन्सं ओट्याला धरून हळूच खाली बसल्या. "म्हणजे तुलाही वाटतं, मला वेड लागलंय."

टाचणीबाईंना रडू कोसळलं. त्यांनी काडेपेटी काढून जागेवर ठेवली. चहा केला. दोघी प्यायल्या. पण वन्सं त्या दिवसापासून भिंतीला हात लावून चालू लागल्या. ज्या घरात त्या कधी चाचपडल्या नव्हत्या, त्या घरात त्या चाचपडायला लागल्या. आणि हे कोणा चोराने केलं नव्हतं, आपल्या हातांनी केलं होतं, याचा टाचणीबाईंना स्वतःचाच संताप आला.

मग तो दिवस उजाडला. दुपारी टाचणीबाई शिवलेले कपडे पोचवायला गेल्या. परत येताना जिना चढून वर आल्या तर दार अर्धवट उघडं. वन्सं बाहेर गेल्या? पडल्या? त्या धावतच आत शिरल्या. हाक मारायचं सुचलंच नाही. त्या घरात कधी मारलीच नव्हती ना.

दारामागून वन्सं अंगावर आल्या. हातात मोठी कात्री.

"कोण? बोल! आधी बोल!"

टाचणीबाईंनी हात आडवा घातला आणि पातं मनगटापासून वर ओरखडत गेलं. "वन्सं!" त्या किंचाळल्या. "वन्सं, मी! मी आहे!"

कात्री खाली पडली. वन्संच्या हातांनी टाचणीबाईंचा चेहरा चाचपला, कान, केस, खांदा, आणि ते ओल्या हातापाशी येऊन थांबले.

"हे काय ओलं? अगं, मी मारलं तुला? मी तुला मारलं?"

"काही नाही. खरचटलं नुसतं."

"तू धावत आलीस. तुझी पावलं धावताना ऐकलीच नव्हती मी कधी." वन्सं जमिनीवर बसल्या आणि लहान मुलासारखं हुंदके देत बोलत सुटल्या. "तो आला होता. मी स्टुलावर काजं करत बसले होते, आवाज न करता. किल्लीने दार उघडलं. बेल नाही, काही नाही. मी म्हटलं कोण? उत्तर नाही. परत म्हटलं कोण आहे? नाही. आणि तो तसाच उभा गं. माझ्यासमोर. मला श्वास ऐकू येत होता त्याचा. त्याला कळलं मला दिसत नाही. तो नुसता उभा राहून टकटक फोटो काढत होता. मशीनचे असतील, कापडांचे, कदाचित माझेही. मी उठले आणि दाराकडे गेले. माझ्या घरात मला काय वाट शोधायचीय? मी दार अडवलं. तो मला ढकलून गेला, पण माझ्या हाताला हे लागलं."

त्यांनी मूठ उघडली. घामाने भिजलेला मखमलीचा तुकडा. वर दोऱ्याचा आकडा, कडेला त्यांचेच टाके.

टाचणीबाईंच्या हातातून रक्त ठिबकत होतं आणि त्या नुसत्या तुकड्याकडे बघत राहिल्या. वन्संना वेड लागलेलं नाही. एवढं एकच त्यांच्या मनात आलं, आणि त्या भीतीतही त्यांना हायसं वाटलं. दुसऱ्याच क्षणी त्यांनी उघड्या दाराकडे बघितलं. वेड नाही, म्हणजे माणूस खरा.

समोरच्या घरातली नर्स धावून आली. तिने जखम धुतली, पट्टी बांधली. टाचणीबाई सगळं सांगत असताना ती खाली मान घालून कापूस गुंडाळत होती.

"मला माहीत होतं," ती एकदम म्हणाली.

"काय?"

"ते येतात. माझं कपाट एकदा उघडं सापडलं. मी बाल्कनीत कपडे वाळत घालते म्हणून मला नोटीस आली, तिच्यावर आतून काढलेला फोटो होता. आतून काढलेला, ताई. माझ्या झोपायच्या खोलीतून."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोललात, तुमचं काय झालं ते बघतेच आहे ना." नर्सच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी एकटी राहते हो."

टाचणीबाई तशाच खाली निघाल्या. वन्सं म्हणाल्या, मीपण येणार. दोघी हात धरून जिना उतरल्या. ऑफिसात मास्तर पाण्याची तक्रार घेऊन बसले होते, आणखी दोघे-तिघे उभे होते. कोपऱ्यात सुपरवायझर. फळ्यावर सगळ्या किल्ल्या पट्ट्यांसकट लटकलेल्या आणि मध्ये एक उघडी, नागडी.

टाचणीबाईंनी मखमलीचा तुकडा टेबलावर ठेवला. बोलायला तोंड उघडलं तर शब्द फुटेना. नेमक्या आज तोंडात टाचण्या नव्हत्या.

मॅनेजरने तुकडा पाहिला. तो जराही गडबडला नाही, आणि त्याचीच टाचणीबाईंना जास्त भीती वाटली. "पाहणी होती, काकू. गळती शोधायची. नियमात बसतं ते. आता तुम्ही आलाच आहात तर…" त्याने मोबाईल पुढे केला. पडद्यावर त्यांचं मशीन होतं, लोकांच्या कपड्यांचा ढीग होता आणि कडेला स्टुलावर मान वर करून बसलेल्या वन्सं. "घरात धंदा चालतो. हे नियमात बसत नाही. पण मी म्हणतो, कशाला वाढवायचं? तुम्ही जिन्याचा विषय सोडा, आम्ही हा सोडतो. शेवटी आपण सगळे एका घरातलेच."

मास्तर आपल्या काठीच्या मुठीकडे बघत होते. टाचणीबाईंना वाटलं, आता "बरं" म्हणून टाकावं. मशीन बंद पडलं तर खायचं काय? "बरं" म्हणायला किती वेळ लागतो? शब्द ओठांशी आलाही होता.

"साहेब," वन्सं म्हणाल्या. त्यांचं तोंड मॅनेजरच्या जरा बाजूला, भिंतीकडे होतं. "मी दोनदा विचारलं, कोण आहे म्हणून. तुमचा माणूस बोलला का नाही? तेवढंच सांगा. कंपनीकडून आलोय म्हणाला असता तर मी त्याला पाणी दिलं असतं."

मॅनेजरने कोपऱ्यातल्या सुपरवायझरकडे पाहिलं.

"आजी, त्याला वाटलं, बोललो तर तुम्ही घाबराल," मॅनेजर म्हणाला.

मास्तरांनी मान वर केली. कोणाच्या तरी तोंडून "अरे देवा" असं निघालं. मॅनेजरला स्वतःलाही ते वाक्य बोलून झाल्यावर ऐकू आलं असावं, कारण तो पहिल्यांदाच हसायचा थांबला.

टाचणीबाई टेबलाला वळसा घालून आत गेल्या. पट्टी बांधलेला हात जवळ घेऊन त्यांनी दुसऱ्या हाताने खिळ्यावरची उघडी किल्ली काढून घेतली.

"काकू, तसं करता येत नाही. इमारतीच्या समितीची परवानगी लागते."

"माझ्या दाराची आहे," टाचणीबाई म्हणाल्या. आवाज इतका बारीक निघाला की त्यांचा त्यांनाच जेमतेम ऐकू आला.

"माझीपण द्या," मास्तर म्हणाले. तेही बारीकच आवाजात, पण या वेळी त्यांनी मागे वळून बघितलं नाही. त्यांच्यामागे उभ्या असलेल्या एका जोडप्याने एकमेकांकडे पाहिलं. नवऱ्याने पाऊल पुढे टाकलं, बायकोने त्याचा दंड धरला, आणि ती दोघं बाहेर निघून गेली.

दुसऱ्या दिवशी टाचणीबाईंनी कुलूपवाला बोलावून कुलूपच बदलून टाकलं. तो सल्ला वन्संचा. "किल्ली आणलीस, पण तिच्या पोटची पिल्लं किती झालीत, कोणाला माहीत?" दाराला आतून साखळीही बसवली. परवानगीशिवाय कुलूप बदलल्याबद्दल कंपनीची नोटीस आली. घरातल्या धंद्याबद्दल दुसरी आली. मशीनचा एक पाय कधीपासून डगमगत होता, तो दोन्हींची घडी खाली घातल्यावर नीट बसला. मास्तरांनी चार-दोन घरं फिरून दिलेली मतं परत मागायला लोकांना तयार केलं. नर्स अजून तयार नाही, पण ती टाचणीबाईंची पट्टी बदलायला न चुकता येते. मागच्या जिन्यातले रंगाचे डबे हलले आहेत. कुलूप तिथेच आहे. पुढच्या मीटिंगला पुन्हा उभं राहायचं, असं टाचणीबाईंनी ठरवलं आहे आणि त्या विचारानेच त्यांची भूक मेली आहे.

स्टूल जागेवर आहे. काडेपेटी शेगडीच्या डावीकडे. फक्त कात्री हल्ली फळीवर नसते. वन्सं ती मांडीवर घेऊन बसतात.

बाजारातून आलेल्या टाचणीबाई दारापाशी थांबल्या. नवी किल्ली हातात होती, पण ती त्यांनी कुलपाला लावली नाही. आधी दार वाजवलं.

"वन्सं, मी आहे."

आत काहीच हललं नाही.

"अहो, मी आहे, मी."

"अजून बोल," आतून आवाज आला.

टाचणीबाईंनी पिशवी खाली ठेवली. समोरच्या दाराआड नर्सची चाहूल लागली, वरून कोणीतरी उतरत होतं. आयुष्यभर ओठ मिटून काम केलेली ती बाई आपल्याच बंद दाराशी मोठ्याने सांगू लागली, "बटाटे आणलेत. भेंडी जून होती, नाही घेतली. काजांचा दोरा मिळाला, पण पांढरा नाही, जरा पिवळसर आहे. चालेल ना? वन्सं, ऐकताय ना? मीच आहे."

आत कात्री लाकडावर ठेवल्याचा आवाज झाला. मग साखळी निघाली.